व्याहीबुवांची मोटरसायकल

मोटरसायकल चालवायला या जगात सर्वांत अपात्र माणूस कोण, असं कुणी मला विचारलं, तर मी दारू पिऊन चालवणाऱ्याचं नाव घेणार नाही, की मिसरूड न फुटलेल्या पोराचंही घेणार नाही. मी माझ्या व्याह्यांचं नाव घेईन. कारण ते सभ्य आहेत. बेताचे सभ्य असते तर निभावलं असतं. पण पायात मांजर घुटमळलं तर जो माणूस त्या मांजराला ‘माफ करा हं’ म्हणतो आणि ते आपल्या सवडीनं निघून जाईपर्यंत एक पाय अधांतरी धरून उभा राहतो, त्यानं एकसष्टाव्या वर्षी सेकंडहँड मोटरसायकल घ्यावी आणि डोंबिवलीच्या रस्त्यावर उतरावं, याला काय म्हणायचं? बरं, स्कूटर नाही. गिअरची मोटरसायकल. ‘स्कूटर काय, आपोआप चालते,’ असं त्यांचं म्हणणं. मी ठाण्याला कोलशेतला राहतो, ते डोंबिवलीत. मधे एवढं अंतर असूनही त्यांनी गाडी घेतल्यापासून माझं ब्लडप्रेशर कधी जागेवर राहिलं नाही.

त्यात हा माणूस निवृत्त झाला तो एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागातून. म्हणजे उभा जन्म त्यांनी अपघातांचे कागद तपासले. माणूस किती तऱ्हांनी पडू शकतो याचं त्यांच्याइतकं ज्ञान ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल. आणि ते ज्ञान ते अतिशय शांतपणे, चहाबरोबर वाटतात. ‘आमच्याकडे एक केस होती, व्याहीबुवा. गृहस्थ सिग्नलला उभे. काही चूक नाही बिचाऱ्यांची. वरून फांदी.’ एवढं बोलून ते बिस्किट चहात बुडवतात. इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसानं खरं तर घराबाहेरसुद्धा पडू नये. हे उलट रोज सकाळी किल्ली घेऊन खाली उतरायचे.

शिकवायला माझ्या जावयांनी, म्हणजे त्यांच्याच मुलानं, दोन रविवार घालवले आणि हात टेकले, कारण वडील प्रत्येक सूचनेनंतर ‘आभारी आहे’ म्हणायला गाडी थांबवत. मग त्यांचा अभ्यास घरातच सुरू झाला. दिवाणाच्या लोडावर दोन्ही बाजूंना पाय टाकून ते बसत, हेल्मेट घालून, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड बांधून. डावा हात मुठीत, उजवा हात मुठीत, तोंडानं ‘क्लच... पहिला... हळूहळू सोड...’ विहीणबाई चहा घेऊन आल्या तर त्यांना उभं राहावं लागे. न्यूट्रल झाल्याशिवाय हे कप हातात घेत नसत. एकदा मी तिथे असताना बाईंनी वैतागून विचारलं, ‘अहो, किती वेळ?’ तर हेल्मेटमधून उत्तर आलं, ‘उतार आहे गं, जरा थांब.’

पक्कं लायसन्स मिळालं तरी त्यांनी गाडीवरचा शिकाऊपणाचा लाल एल काढला नाही. पुढे एक, मागे एक आणि तिसरा हेल्मेटवर. रस्त्यावरची त्यांची वागणूक तर घरातल्यापेक्षा काळजी करण्यासारखी. हॉर्न वाजवायचा नाही, कारण मागून ओरडणं बरं दिसत नाही. सिग्नल हिरवा झाला की आधी आजूबाजूच्यांना ‘या, तुम्ही व्हा पुढे’. तोवर पुन्हा लाल. स्टेशनजवळच्या चौकात म्हणे त्यांनी एकदा इतक्या लोकांना पुढे जाऊ दिलं की शेवटी हवालदारानंच येऊन विचारलं, ‘काका, तब्येत बरी आहे ना?’ भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एका आजींच्या मागून तर ते आख्खी गल्ली त्यांच्याच चालीनं गेले. दोन्ही पाय जमिनीला घासत, आवाज न करता. आजींनी वळून पाहिलं आणि तोंड सोडलं : ‘लाज नाही वाटत? या वयात बायकांच्या मागं फिरतोस?’ हे गाडी स्टँडला लावून खाली उतरले, हेल्मेट काढलं आणि आजींची क्षमा मागितली. मागे रिक्षांची रांग लागली होती.

हे सगळं मी हसत ऐकलं असतं. पण गेल्या एप्रिलमध्ये माझ्या मुलीचा फोन आला. आवाज अगदी दबका, बहुधा गच्चीवरून बोलत होती. ‘बाबा, ते म्हणतायत, जूनपासून पिल्लूला शाळेत तेच सोडणार. गाडीवरून. पुढे टाकीवर बसवून. काल तर एकटेच पार पत्री पुलापर्यंत, त्या ट्रकच्या गर्दीत, जाऊन आलेले!’

‘मग जावईबापूंना सांग ना.’

‘तो बोलला तर म्हणाले, विचार करतो. त्यांचा विचार म्हणजे माहितीये ना तुम्हाला. आणि मी सून, मी काय बोलणार? बाबा, प्लीज, तुम्ही बोला. तुमचा शब्द ते कधीच खाली पडू देणार नाहीत.’

पिल्लू म्हणजे आमची साडेतीन वर्षांची नात. त्या रात्री मला डोळ्यांसमोर ती टाकी दिसत होती आणि टाकीवर ते एवढंसं पोर. पण बोलायचं कसं? काळ कितीही बदलला तरी मी मुलीचा बाप. व्याह्यांना ‘तुम्हाला गाडी चालवता येत नाही’ असं तोंडावर सांगायचं, म्हणजे आमच्या पिढीला जिभेवर निखारा ठेवण्यासारखं. तरी मी वाक्यं जुळवली, पाठ केली आणि रविवारी डोंबिवली गाठली. दारातच व्याही हेल्मेट घालून उभे. दुसरं हेल्मेट माझ्या हातात देत म्हणाले, ‘व्याहीबुवा, आज नाही म्हणायचं नाही. खाडीवर एक चक्कर.’ आणि मी नाही म्हणालो नाही. व्याह्यांना नाही म्हणण्याची मला सवयच नव्हती.

मागे बसल्यावर पहिला प्रश्न आला, धरायचं कुठे? व्याह्यांच्या कमरेला हात घालणं शोभत नाही. मी मागचा कॅरिअर धरला आणि मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. दुसरा प्रश्न त्यांचा होता. पाहुण्याकडे पाठ करून बोलणं त्यांना प्रशस्त वाटेना. म्हणून ते बोलताना पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघायचे. समोरून टँकर येतोय आणि हे माझ्या डोळ्यांत बघून विचारतायत, ‘वहिनींचे गुडघे कसे आहेत?’ ‘छान आहेत! समोर बघा!’ मी ओरडलो. वहिनींचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे मुळीच छान नव्हते. पहिल्या मोठ्या खड्ड्याला शोभण्या-न-शोभण्याचा प्रश्न निकालात निघाला. मी दोन्ही हातांनी त्यांना अशी मिठी मारली की तशी लग्नातल्या व्याहीभेटीतही मारली नव्हती.

खाडीवर पोचलो. ओहोटी होती, चिखलात बगळे फिरत होते. पाठ केलेलं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तेच बोलले. हेल्मेट मांडीवर घेऊन, पाण्याकडे बघत. ‘व्याहीबुवा, मी नोकरीभर पडलेल्या माणसांचे कागद वाचले. जो नीट पोचला, त्याचा एकही कागद माझ्या टेबलावर आला नाही कधी. मला नेहमी वाटायचं, ही न पडणारी माणसं जातात तरी कुठे? तर बघा, इथे येतात.’ आणि ते हसले. असं मनमोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. माझं वाक्य मी तसंच घरी परत आणलं. मुलीला फोनवर खोटंच सांगितलं, ‘विषय काढलाय.’

मे महिना मी जूनच्या धास्तीत काढला. शाळा उघडायला आठवडा असताना मी पुन्हा निघालो. या वेळी बोलायचंच, असं ठरवून. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो, तर समोरून व्याही येत होते. गाडी सरळ, वेग बेताचा, नजर समोर. खरंच चांगली चालवत होते. मग त्यांना मी दिसलो. व्याही समोर आल्यावर एका हातानं नमस्कार करणं त्यांना जमणारंच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात हँडलवरून उचलले आणि छातीशी जोडले.

गाडी डावीकडे गटाराच्या कामासाठी टाकलेल्या वाळूवर चढली, आडवी झाली, आणि व्याही पलीकडे जाऊन पडले. मी धावलो. कसा धावलो ते माझं मला ठाऊक. ते वाळूत उताणे पडले होते, उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं, आणि मला वाकलेलं पाहून म्हणाले, ‘या, या. प्रवासात त्रास नाही ना झाला?’ मला रडू आवरेना. त्यांच्या डोक्याखाली हात घालून मी तिथेच वाळूत बसलो. गाडीची टाकी एका बाजूनं पार चेपली होती. आम्ही दोघांनीही एकदमच तिच्याकडे पाहिलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी सगळे त्यांच्या घरी जमलो होतो. गाडी खाली कव्हर घालून उभी होती आणि तिचा विषय कुणी काढत नव्हतं. चहा झाला. व्याह्यांनी बारीक झालेलं मनगट डाव्या हातानं चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘व्याहीबुवा, तुम्ही म्हणाल तसं. ठेवू की विकू?’

मुलगी माझ्याकडे बघत होती. विहीणबाई, जावई, सगळेच बघत होते. महिनोन्‌महिने जुळवलेल्या वाक्यांपैकी एकाचीही गरज पडली नाही. मी म्हणालो, ‘विका.’

‘बरं,’ ते म्हणाले. लगेच. आणि मला आणखी चहा हवा का, ते विचारलं.

आता ते नातीला रिक्षानं शाळेत सोडतात, तिचं दप्तर मांडीवर घेऊन. मुलगी म्हणते, ‘बाबा, तुमच्यामुळे झालं.’ मला आता शांत झोप लागते आणि पुन्हा कुणी विचारलं तर मी पुन्हा ‘विका’च म्हणेन, यात शंका नाही. परवा डोंबिवलीला गेलो होतो. व्याही खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी म्हटलं, ‘चला, रिक्षानं खाडीवर जाऊन येऊ.’ ते म्हणाले, ‘नको हो, ऊन फार आहे.’ ऊन कुठलं, आभाळ भरून आलं होतं. मी समोरच्या खुर्चीत बसलो, इकडचं तिकडचं बोललो आणि निघालो. जिना उतरताना सारखं मनात येत होतं, या भल्या माणसानं त्या दिवशी निदान थोडा तरी वाद घालायला हवा होता. एकदा तरी माझा शब्द मोडायला हवा होता.