पाच मिनिटं पुढचं घड्याळ

फौजेतून सुभेदार म्हणून उतरलो. मग काही वर्षं एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर होतो, तेही सुटलं. आता पनवेलला खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. पाचला उठतो, साडेपाचला चालायला निघतो, साडेसहाला दूध घेऊन परत. माझी कुठे कोणी वाट बघत नसतं. तरी डाव्या मनगटावर घड्याळ बांधल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. चावीचं, जुनं, काचेला कोपऱ्यात तडा गेलेलं. सौ. म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मध्यंतरी सूनबाईने पावलं मोजणारं नवं घड्याळ आणलं. मुलगी मायाळू आहे. म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला कुठे फॉल-इनला जायचंय? ते जुनं ठेवून द्या ना." बागेत आमच्या बाकावर एक निवृत्त बँकवाले बसतात, त्यांचंही तेच. घड्याळ म्हणजे नोकरदाराची बेडी, म्हणे, त्यांनी पहिल्याच दिवशी काढून फेकली. दोघांना मी हसून उत्तर दिलं. खरं उत्तर दिलं नाही. ते मी याच वर्षी पहिल्यांदा दिलं आणि तेही वेळ टळून गेल्यावर.

तेव्हा मी हवालदार होतो, इंजिनिअर्समध्ये. आमची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, उत्तरेत, सरहद्दीजवळच्या एका रस्त्यावर होती. काम एकच. डोंगर फोडून रस्ता रुंद करायचा. सकाळी सातला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, साडेसातला साइटवर. दहापर्यंत खडकात भोकं पाडायची, मग सुरुंग भरायचे, अकराला फायर. दुपारी दगड उपसायचे. चारनंतर वारा सुटायचा, की काम बंद. असे पाच महिने गेले.

माझ्या हाताखाली नाईक काशिनाथ होता. आपटा गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. मी पनवेलचा, म्हणजे गाववालाच. परमुलखात पाताळगंगा नदीचं नाव काढणारा दुसरा माणूस भेटला की फार बरं वाटतं. चारचौघांत तो मला उस्ताद म्हणायचा, एकटे असलो की दादा. कामाला चोख. एकदा तपासलेली गोष्ट पुन्हा तपासायची ही त्याची खोड. मी त्याला चिडवायचो की लग्नातही मुलगी दोनदा बघून आला असशील. तो म्हणायचा, "तीनदा, दादा."

माझीही एक खोड होती. मी घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायचो. फौजेत निम्मे लोक ठेवतात. रिक्रूट असताना उशिरा पोहोचल्याबद्दल उस्तादाने बॅटलपॅकसह ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या, त्या दिवसापासून काटा पुढे सरकवला तो सरकवलाच. अख्ख्या डिटॅचमेंटला ते माहीत होतं. माझ्या मनगटाकडे बघून वेळ सांगायची तर पोरं आपोआप पाच मिनिटं वजा करायची.

त्या आठवड्यात नवे कॅप्टन साहेब आले. तरुण, हुशार, नियमाला पक्के. पहिल्याच सकाळी सातला त्यांनी सगळ्यांची घड्याळं मिळवायला घेतली. माझ्यापाशी थांबले.

"हवालदार, ये कौन से देश का टाइम है?"

"सर, पाँच मिनट आगे रखता हूँ."

"मेरे यहाँ एक ही टाइम चलेगा."

त्यांचं बरोबर होतं. सुरुंगाच्या कामात प्रत्येकाची वेळ वेगळी असून चालत नाही. मी चावी ओढली आणि काटे पाच मिनिटं मागे आणले. काशिनाथ आणि त्याचे दोन जवान तेव्हा तिथे नव्हते. ते लंगरवर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, मजुरांच्या चहाचं बघायला गेले होते. सातदहाला आले, साहेबांनी काशिनाथचं घड्याळ वेगळं तपासलं आणि आम्ही गाडीत बसलो. गाडीत आम्ही शिमग्याच्या सुट्टीबद्दल बोललो.

साइटवर रस्ता एका वळणावर होता. वळणाच्या अलीकडे फायरिंग पॉइंट, तिथे कॅप्टन साहेब आणि मी. पलीकडे सेंट्री पार्टी, म्हणजे पहाऱ्यावर काशिनाथ आणि ते दोन जवान. तिघांत घड्याळ एकट्या काशिनाथकडे. त्यांनी पलीकडून येणारी माणसं थांबवायची आणि दहा पंचावन्नला दगडी शेल्टरमध्ये शिरायचं. मधला डोंगर आडवा येत असल्याने एकमेकांचे झेंडे दिसायचे नाहीत. खाली नाला इतका गर्जायचा की शिट्टी पोहोचायची नाही. आणि सुरुंगाला विजेच्या तारा जोडल्या की वायरलेस सेट बंद ठेवायचा, कारण सेटच्या लहरींनीच सुरुंग उडू शकतो. म्हणजे दहा वाजल्यानंतर दोन्ही बाजूंना जोडणारी गोष्ट एकच होती, मनगटावरचं घड्याळ.

पावणेदहाला काशिनाथ माझ्याकडे आला. त्याचं घड्याळ बॅटरीचं होतं, थंडीने बंद पडलं होतं. त्या उंचीवर हे नेहमीचं. मी माझं घड्याळ काढलं आणि त्याच्या हातावर बांधलं. त्याने हातमोजा वर ओढून धरला होता, बोटं निळी पडली होती.

मी म्हणालो, "अकराला फायर. दहा पंचावन्नला आत."

"होय, उस्ताद."

तो गेला. आज ते घड्याळ बरोबर लावलंय, एवढंच मला सांगायला हवं होतं. तीन सेकंदांचं काम होतं. माझ्या डोक्यात तेव्हा तारा होत्या, साहेब होते, भोकांची खोली होती. सांगायचं राहिलं असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

अकराला साहेबांनी स्वतःचं घड्याळ बघितलं, हात खाली केला. फायर. धूळ बसायला सात-आठ मिनिटं लागली. तारा सोडवून मी सेट चालू केला.

"सेंट्री पार्टी, रिपोर्ट. ओव्हर."

काही नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा एका जवानाचा आवाज आला.

"काशिनाथ उस्ताद बाहर थे, सर."

वळणापलीकडे रस्त्याखाली पाणी जाण्यासाठी एक मोरी होती. मजूर कधीकधी वारा चुकवायला तिच्यात जाऊन बसत, डोळा लागला की बसल्याजागी झोपत. काशिनाथने साडेदहाला मोरी तपासली होती. रिकामी होती. दहा पंचावन्नला त्याने दोघा जवानांना शेल्टरमध्ये घातलं आणि मोरी पुन्हा एकदा बघायला निघाला. मोरीत कोणीच नव्हतं. परत येताना स्फोटाने त्याला उघड्यावर गाठलं. आम्ही दगड हातांनी बाजूला केले. अकरा चाळीसला मिळाला. घड्याळ चालू होतं.

त्या दिवशी जेवण कोणाला गेलं नाही. संध्याकाळी लंगरमागे त्या दोघांतला एक जवान माझ्याजवळ आला. उत्तराखंडचा होता, नुकता मिसरूड फुटलेला. खाली बघत बोलला. "हमने रोका था, सर. उस्ताद बोले, टाइम है. हवालदार साब की घड़ी पाँच मिनट आगे चलती है."

मला सगळं तिथेच कळलं. दहा पंचावन्नला त्याने नेहमीसारखी पाच मिनिटं वजा केली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. घड्याळ टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. फौजेत जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. त्या जवानाला विचारलं, नाईक किती वाजता बाहेर गेला. त्याने वेळ सांगितली आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होतो. मला विचारलं, "घड़ी सही थी?"

"सही थी, सर."

खोटं एक अक्षर बोललो नाही. कागदावर आलं की नाईक काशिनाथ ठरल्या वेळी शेल्टरमध्ये गेला नाही, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. खाली सह्या झाल्या. घड्याळ मला परत मिळालं. पुढे मी नायब सुभेदार झालो, सुभेदार झालो. प्रत्येक बढतीच्या दिवशी ते माझ्या हातावर होतं.

तो कागद आपट्याला पोहोचायचा तसा पोहोचला. गावाने शाळेजवळ त्याच्या नावाचा दगड लावायचं ठरवलं होतं, त्याचा मजकूरसुद्धा लिहून झाला होता. कोणीतरी कागद वाचला, मग दगड राहून गेला. राहिला तो राहिलाच.

रिटायर झाल्यापासून मी दर ऑक्टोबरात त्या तारखेला स्कूटरने आपट्याला जातो. घरात त्याची आई आणि बायको, शेवंता वहिनी. आई मला बसवायची, चहा द्यायला सांगायची आणि हात पुढे करायची. मी घड्याळ काढून द्यायचो. शेवटपर्यंत ते तिच्या मुलाच्या हातावर होतं, एवढं तिला ठाऊक होतं. ती ते कानाला लावायची. डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसायची. मग परत देताना दरवर्षी एकच विचारायची.

"माझा पोर कंदी उशीर करायचा नाय. त्या दिसाला कसा केला रं?"

मी म्हणायचो, "आई, नशीब." दरवर्षी घरून ठरवून निघायचो की आज सांगायचं. ती घड्याळ कानाला लावायची आणि मी चहाचा कप उचलायचो. शत्रूसमोर पळून गेलो असतो तर फौजेने मला शिक्षा केली असती. या भेकडपणाला कुठली शिक्षा नव्हती, म्हणून तो चालत राहिला.

या वर्षी गेलो तेव्हा ओटीवर आईची जागा रिकामी होती. चैत्रात गेली, असं वहिनींनी सांगितलं. मला कोणी कळवलं नव्हतं, कळवण्याइतका मी त्यांचा कोण होतो? चहा आला. हात पुढे करणारं कोणी नव्हतं. मग मी सांगितलं. सातची फॉल-इन, पाच मिनिटं मागे आणलेले काटे, पावणेदहा, न बोललेलं वाक्य, जवान काय म्हणाला ते, मी भिंतीकडे बघितलं ते. रिपोर्ट देतात तसं सरळ सांगितलं. मला दुसरं येत नाही.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी चहाचा कप माझ्यासमोरून उचलून घेतला आणि बाजूला ठेवला.

"आये जाताना पन तेच इचारत व्हती," त्या म्हणाल्या. "उशीर कसा केला. शेवटाला दुसरं काय बोललीच नाय."

मी उभा राहिलो. घड्याळ काढून त्यांच्यापुढे धरलं.

"आमाला नको. ती दरवरशी कानाला लावत व्हती, तवा सांगाचं व्हतं, भाऊ. तुमी समोरच बसलेले असायचाव."

मग म्हणाल्या, गावाला हे तुम्ही सांगा, चार माणसांत, आणि लिहूनही द्या. मी होय म्हटलं. निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत. दरवर्षी यायच्या.

रविवारी शाळेत गेलो. सरपंच आणि पाच-सहा जण जमले होते. सांगितलं, सही करून कागद दिला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. सरपंच म्हणाले, बघू, पण आता शाळेचीच जागा नव्या रस्त्यात जातेय, दगड लावायचा कुठे? ज्यांनी मजकूर लिहिला होता ते वारले. तो कागद कुठे आहे कोणाला माहीत नाही. रेकॉर्ड ऑफिसलाही मी पत्र धाडलंय. उत्तर येईल असं वाटत नाही, आणि आलं तरी ते ऐकायला त्याची आई नाही.

तर निवृत्तीनंतर घड्याळ लागतं का? नाही लागत. बँकवाले म्हणतात ते खरं आहे. औषधाच्या वेळेला मोबाईल वाजतो, दूधवाला आपल्या वेळेने येतो, आणि मी पाच मिनिटं उशिरा पोहोचलो तर आता कोणाचंही काही बिघडत नाही. मी ते बांधतो कारण ते काढून ठेवायचा मला हक्क नाही. काटा मात्र त्या दिवसापासून पुढे सरकवलेला नाही. रोज दहा पंचावन्नला, घरात असो की बाजारात, मी पाच मिनिटं उभा राहतो. सूनबाईला वाटतं, बाबांचे गुडघे धरलेत. अकराला बसतो. काही हलकं होत नाही.

वहिनी पुढच्या वर्षी दार उघडतील का, माहीत नाही. शाळेजवळ तो दगड आता लागणार नाही, म्हणून त्यावर जे यायला हवं होतं ते इथे लिहितो.

नाईक काशिनाथ. गाव आपटा. मोरीत कोणी झोपलेलं राहू नये म्हणून दुसऱ्यांदा बघायला गेला. तो वेळेत होता. उशीर मी केला.