मागास पेरलेला हुरडा

श्रीमती तानुबाई पुंजाजी इंगळे, वय अंदाजे बहात्तर, राहणार अमडापूर. व्यवसाय निरंक. कुटुंबातील सदस्य पाच.

या बाई दरवर्षी ज्वारीचा एक पट्टा मुद्दाम मागास, म्हणजे उशिरा, पेरतात. पुण्याच्या नातवंडांना नाताळच्या सुट्टीत कोवळा हुरडा मिळावा, एवढाच हेतू. यंदा मुलगा शेखर सगळ्यांना घेऊन बर्फ बघायला मनालीला गेला. तिथून व्हिडिओ कॉल आला.

"आजी, हुरडा फ्रीजमध्ये ठेव ना," नात समीक्षा म्हणाली.

"तुह्या बापाले इचार, दाणा थांबते काय सुट्टीसाठी."

शेखर मागून म्हणाला, "माय, पुढच्या साली नक्की येतो."

"तीन साल झाले बे तुह्या नक्कीले."

आठवडाभरात दाणा टणक झाला. तानुबाईंनी पट्टा कापून म्हशीला घातला. तो तिला चार दिवस पुरला.