मशीन थांबव

पौर्णिमाला राग आला की ती ओरडत नाही, कीबोर्ड बाजूला सारते. त्या दिवशी तिनं तो असा सारला की शेजारच्या अंकुशचा चहा टेबलभर झाला.

हिंगणघाटच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यासाठी, त्यांच्या ऑफिसनं आग रोखायचा प्रोग्राम केला होता. त्यातला इंटरफेस पौर्णिमाचा. इंटरफेस म्हणजे करारच, असं ती घरी आईलाही सांगायची. सेन्सर कोणत्याही कंपनीचा लावा, त्याच्या क्लासनं, म्हणजे त्याच्यासाठी लिहिलेल्या कोडनं, तीन कामं केलीच पाहिजेत: ठिणगी ओळखायची, भोंगा वाजवायचा, मशीन थांबवायची. कशी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. नव्या सेन्सरचा क्लास लिहिताना अंकुशनं तिसऱ्या कामाचं नुसतं नाव टाकलं आणि कंस रिकामा सोडला. कम्पायलर बिचारा नावं तेवढी तपासतो. आत काम आहे की नाही, त्याला काय त्याचं.

"रिकामं काऊन ठेवलं?"

"एरर येऊन राह्यली होती. सर म्हणे, आता चालू करून दे, मंग भरू."

मंग भरू! सहा वर्षं हेच ऐकून तिचे कान किटले होते. दुसऱ्यांनी सोडलेली भोकं बुजवण्यात तिचे किती रविवार गेले, याची कुणाला पडली नव्हती. पण हा प्रोग्राम आठ दिवसांपासून जिनिंगमध्ये चालू होता, आणि तिथं मशीनच्या तोंडाशी कापूस लोटायला तिची आई, कमलाबाई, उभी असायची. पौर्णिमाचं डोकंच फिरलं. ती तडक जिनिंगवर गेली.

ऑफिसचे हर्षित सर तिथंच होते, जिनिंगच्या शेठना स्क्रीनवरचा हिरवा दिवा दाखवत.

"मशीन बंद करा, सर. ठिणगी पडली तर भोंगा वाजंन, पण मशीन चालतच राहीन."

"एका रिकाम्या फंक्शनचं काय घेऊन बसली? हप्ताभरात भरू. सीझन आहे."

"मंग हप्ताभर तुम्ही इथं उभे राहा," पौर्णिमा म्हणाली, आणि आईचा दंड धरून तिनं तिला बाजूला ओढलं.

जागा मोकळी झाली. हर्षित सर हसले, पण पाऊल पुढं टाकेनात. शेठनी ते पाहिलं आणि स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढला.

कमलाबाईनं केसांवरचा कापूस झटकला. लेक आता शाबासकीची वाट बघत होती.

"कधीपासून होतं हे?"

"आठ दिवसांपासून."

"अन् करार तुहाच होता ना?" कमलाबाई संतापून म्हणाली. "मंग आठ दिवस तुनं काऊन नाई पाह्यलं?"