दत्तूचा बुजरा प्रोग्राम

दत्तू आज सकाळी गेला.

कॉम्प्युटरशी खोटं बोलणारा आमच्या सणसरमधला पहिला माणूस.

विंडोज ९५ नवीन होतं तेव्हाची गोष्ट. बारामतीत त्याचं कॉम्प्युटर पत्रिकेचं दुकान होतं. आम्ही शाळेपासूनचे सोबती, म्हणून माझ्या लेकीची, सुरेखाची पत्रिका जुळवायला त्याच्याकडेच गेलो. मुलाचे चुलतेही अंथुर्ण्याहून आले होते.

दत्तूनं नुकताच नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर पत्रिकेचा जुना प्रोग्राम लावला.

स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आली आणि सगळं बंद.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

पाव्हण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मशीनच न्हाय म्हणतंय, पाव्हणं. इचार करावा लागंल."

मी उठलोच.

"दत्तू, ऱ्हाऊ दे. अपशकुन हाय ह्यो. दुसरं स्थळ बघतो."

"बस खाली, म्हाद्या! पोरीचं नाव तरी घातलंय का मी अजून?"

नव्हतं घातलं.

मग त्यानं समजावलं. प्रोग्राम उघडला की आधी विचारतो, आपण कुठं आलोय? खाली डॉस, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, कितवा आहे? ह्याला सहावा डॉस ओळखीचा. नव्या मशीननं सांगितलं, सातवा. तिथंच तो अडला.

"नव्या गोठ्यात बैल बुजतो, तसा बुजलाय. पत्रिकेचा काय संबंध?"

"मग आता?"

"त्याला सांगायचं, सहावाच हाय म्हणून."

"आन् खोटं चालतंय व्हय?"

"त्याला कुठं कळतंय? ओळखीचं उत्तर मिळालं की लागतंय कामाला."

कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी सेटव्हर नावाची सोयच होती. कोणत्या प्रोग्रामला कितवा डॉस सांगायचा, ते आधी सांगून ठेवायचं. दत्तूनं तसं केलं, मशीन बंद करून चालू केलं. प्रोग्राम मुकाट्यानं उघडला.

पत्रिका जुळली. पाव्हण्यांनी गार झालेला चहा संपवला.

सुरेखाचं चांगलं चाललंय. तरी मी रोज फोन करतो.

अलीकडे दत्तूला काही आठवत नव्हतं. त्याच्या मुलानं इंदापूरला नवं घर बांधलं, तिथं असायचा. झोपेतून उठला की घाबरून विचारायचा, "कुठं हाय मी?"

मुलगा खरं सांगायचा. "दादा, इंदापूरला, आपल्या घरी."

मग दत्तू जास्तच घाबरायचा. चप्पल शोधायला लागायचा.

मी गेलो की सांगायचो, "बारामतीत हायस. दुकानात. गिऱ्हाईक बसलंय."

मग तो शांत बसायचा. चहा घ्यायचा.

मलाच धाकधूक वाटायची. डॉक्टरांना विचारलं, असं खोटं सांगितलं तर काही बिघडेल का? ते म्हणाले, सांगा बिनधास्त.

काल संध्याकाळीही त्यानं विचारलं. मी तेच सांगितलं.

"मग मशीन चालू कर की, म्हाद्या. लोक खोळंबल्यात."

"केलं," म्हटलं.

त्यानं डोळे मिटले.

दत्तू, आता जिथं पोचशील तिथंही आधी हेच विचारशील. कुणीतरी ओळखीचं उत्तर देईल.

बुजू नकोस, गड्या. तुझ्या म्हाद्याचा शेवटचा रामराम.