हरलेल्याने गप्प बसायचं

विसरवाडीला हायवेच्या कडेला भाईचं टायरचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतात. त्या बाजूने जायची वेळ आली की मी मान दुसरीकडे वळवतो. कव्हरं विकणाऱ्याचा काही दोष नाही, पण मला तो माणूस आवडत नाही.

भाई नंदुरबारच्या जुन्या मुसलमान घरातला. विसरवाडीत येऊन पंक्चर काढता काढता दुकानदार झालेला. मी रनाळ्याचा. शेती भाऊ बघतो, मी नवापूरला एका सरकारी कचेरीत नोकरी करतो. आमची ओळख झाली ती माझ्या मोटारसायकलची ट्यूब फुटल्यामुळे. ठिगळ लावता लावता भाईचं लक्ष भिंतीवरच्या टीव्हीकडे होतं, आणि टीव्हीवर उघड्या चाकांच्या, जमिनीला चिकटलेल्या शर्यतीच्या गाड्या पळत होत्या. मी म्हणालो, पुढचा आता टायर बदलायला थांबेल. तो म्हणाला, शक्य नाही. गाडी थांबली. मीच हात दाखवून थांबवल्यासारखं भाईने माझ्याकडे रागाने पाहिलं. तिथून जे भांडण सुरू झालं ते कित्येक हंगाम चाललं.

बहुतेक शर्यती रविवारी संध्याकाळी दिसायच्या. त्या वेळात भाई हवा भरायचा कंप्रेसर बंद ठेवायचा, कारण त्याच्या आवाजात टीव्ही ऐकू यायचा नाही. सुरतेकडून आलेले ट्रकवाले हवेसाठी थांबायचे, शिव्या द्यायचे आणि पुढच्या दुकानात जायचे. भाईला त्याचं काही वाटत नसे. मी आणि नवापूरचा एक कोंबडीवाला मोटारसायकलवरून यायचो. हा कोंबडीवाला म्हणजे पोल्ट्रीचा मालक, चांगला खाऊनपिऊन सुखी माणूस, आणि जो पुढे असेल त्याचा समर्थक. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. खरे वादी आम्ही दोघेच.

ड्रायव्हरांची नावं आमच्यात कोणी घेत नसे. कोंबडीवाल्याच्या तोंडात ती बसत नसत, त्यामुळे सगळ्यांनीच सोडली. भाईचा तो ‘भाईचा गडी’, काळ्या गाडीवाला. माझा हिरव्या गाडीवाला. माझा गडी सबुरीचा, टायर जपणारा, मागे राहून पुढच्याच्या चुकीची वाट पाहणारा. भाईचा गडी फट दिसली की घुसणार, जिथे सगळे ब्रेक लावतात तिथे हा लावणार नाही. भाई म्हणायचा, तुझा गडी सासरी निघाल्यासारखा चालवतो. मी म्हणायचो, तुझा गडी एक दिवस स्वतःही मरेल आणि दोघांना घेऊन जाईल. टायरचा धंदा असल्यामुळे टायरबद्दलचा शेवटचा शब्द आपला, असं भाई मानायचा, आणि त्याचे अंदाज दर रविवारी चुकायचे. पण चुकलेला अंदाजही तो इतक्या तोऱ्यात सांगायचा की ऐकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर शंका यावी.

एकदा भांडण इतकं वाढलं की आम्ही महिनाभर बोललो नाही. तेव्हा कोंबडीवाल्याने नियम घालून दिला. शर्यत संपली की चहा. ज्याचा गडी पुढे आला, त्याने चहा संपेपर्यंत बोलायचं, वाटेल ते बोलायचं. हरलेल्याने गप्प बसायचं. तोंड उघडायचं ते फक्त चहा प्यायला. बोलणाऱ्याने चहा संपवून ग्लास पालथा घातला की पाळी सरली, मग सगळे मोकळे. नियम पोरकट होता हे मान्य. पण तो आम्ही इतक्या काटेकोरपणे पाळला की तेवढा घरच्या देव्हाऱ्यासमोरचा नियमही मी पाळला नाही. जिंकल्यावर भाई चहा इतका पुरवून पुरवून प्यायचा की शेवटचा घोट गार पाणी झालेला असायचा.

त्या शेवटच्या हंगामात, उन्हाळ्यात, भाईचा आवाज बसला.

यात नवल काय होतं? दर रविवारी तो टीव्हीसमोर उभा राहून ओरडायचा. पाळी आली की तास न् तास बोलायचा. आम्ही म्हणालो, ओरडून बसला असेल. त्याची बायकोही हेच म्हणाली. कोंबडीवाला म्हणाला, गडी हरायला लागला की आवाज बसणारच. मी ज्येष्ठमध नेऊन दिलं. कोणी हळद-दूध सांगितलं, कोणी मिठाच्या गुळण्या. पाऊस सुरू झाला, शेतं हिरवी झाली, पोळा आला, आवाज बसलेलाच. फाटक्या ट्यूबमधून हवा निघावी तसा आवाज यायचा, आणि आम्ही त्यालाही हसायचो. दुसऱ्या कुठल्या घरात, दुसऱ्या कुठल्या दुकानात कोणाचा आवाज इतका काळ बसला असता तर कोणीतरी म्हणालं असतं, अरे बाबा, डॉक्टरला दाखव. आमच्याकडे कारण आयतंच होतं. आजही मला त्या टीव्हीचा राग येतो, त्या गाड्यांचा येतो, ज्येष्ठमधाचासुद्धा येतो.

शेवटी घोट गिळताना दुखायला लागलं तेव्हा तो नंदुरबारला गेला. तिथल्या डॉक्टरने सुरतेला पाठवलं. सुरतेच्या डॉक्टरने घशातला तुकडा काढून तपासायला दिला. हे सगळं त्याने आम्हाला सांगितलं ते एका रविवारी, शर्यत सुरू व्हायच्या आधी, एका डंपरच्या चाकाचे नट आवळताना.

“घसामा गाठ शे. आवाजनी पेटी काढी टाकतीन.”

कोंबडीवाल्याने विचारलं, मग बोलणार कसा? भाईने पान्यावर जोर देत सांगितलं की बोलणार नाही. गळ्याला भोक पाडतात, श्वास तिथून घ्यायचा. पुढे गळ्याला लावायचं एक मशीन मिळतं म्हणे, त्यातून आवाज येतो, पण तो माणसाचा वाटत नाही. डॉक्टर म्हणाले होते, लगेच या, गाठ वाट पाहणार नाही. काढली तर माणूस राहील, आवाज जाईल. उशीर केला तर दोन्ही जातील.

“शेवटली रेस व्हई जाऊ दे,” भाई म्हणाला. “मंग जासू.”

त्या वर्षी अजिंक्यपद अटीतटीचं होतं. माझा गडी थोडा पुढे, भाईचा पाठोपाठ, आणि अजून बऱ्याच शर्यती बाकी. भाईला खात्री होती की त्याचा गडी जिंकणार, आणि आपण स्वतःच्या तोंडाने ते मला ऐकवणार. एवढ्यासाठी तो थांबणार होता. त्याची बायको माझ्या पाया पडायला लागली. आमच्या घरातल्या बाईसारखी ती बाई, मला भाऊजी म्हणणारी. तिला कसंबसं उठवलं आणि मी भाईकडे गेलो. समजावून सांगायचं म्हणून गेलो होतो, पण माझ्या स्वभावाप्रमाणे तिथे मी भडकलो. त्याला मूर्ख म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. तो टायर साफ करत राहिला. मग माझ्या तोंडून निघालं ते आमच्या नेहमीच्या भांडणातलंच होतं.

“तुन्हा गडी कोठेच थांबस नही. मंग तू काबरं थांबी ऱ्हायना?”

भाईने त्या टायरवरून हात फिरवला. मग म्हणाला, येत्या रविवारची शर्यत पाहतो आणि सोमवारी जातो.

तो रविवार मला तारखेसकट विसरायचा आहे, पण विसरता येत नाही. भाईने दाढी केली होती. टीव्हीसमोर आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या, एरवी आम्ही टायरांवरच बसायचो. मी मनातल्या मनात माझ्या गड्याचं वाईट चिंतत होतो. गाडी बंद पडू दे, चाक निखळू दे, काहीही होऊ दे, पण आज भाईचा गडी जिंकू दे. त्याच्या आवाजातली शेवटची पाळी त्याला मिळू दे, एवढंच मागणं होतं.

अर्धी शर्यत व्हायच्या आत भाईचा गडी नको त्या फटीत घुसला आणि भिंतीवर गेला. माझा गडी सबुरीने पहिला आला.

चहा आला. कोणीच ग्लास उचलला नाही. मी म्हणालो, भाई, आजची माझी पाळी तू घे. तू बोल. कोंबडीवाला म्हणाला, हो, नियम माझा आहे, मी मोडतो. भाईने आमच्याकडे पाहिलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, “मन्हा गडी हारना. मी बोलस नही. नियम म्हंजे नियम.” आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसला, मी बोलायची वाट पाहत.

मग मी बोललो. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट कधी बोललो नाही. माझा गडी कसा टायर जपत आला, कुठल्या वळणावर त्याने पुढच्याला गाठलं, असलं काहीबाही. समोर एक माणूस आवाज असलेली आपली शेवटची संध्याकाळ गप्प बसून काढत होता, आणि मी त्याला टायरांबद्दल सांगत होतो. मी चहा घाईघाईने प्यालो, जीभ भाजली, आणि ग्लास पालथा घातला. म्हटलं, आता तरी बोलेल. पण तेवढ्यात बाहेर ट्रक येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला.

“कंप्रेसर चालू करी दे, भाऊ. गाडी उभी शे,” भाई म्हणाला.

मी कंप्रेसर चालू केला. त्याच्या घरघरीत पुढे काहीच बोलता आलं नाही. त्याच्या बायकोने घरातून बोलावलं, सामान बांधायचं होतं. ‘गाडी उभी शे’, मी ऐकलेला भाईचा शेवटचा आवाज तो.

ऑपरेशन झाल्यावर मी नवापूरहून रेल्वेने सुरतेला दोनदा जाऊन आलो. नाकात नळी, गळ्याला पट्टी, डोळे मात्र तेच, भांडखोर. मी मोबाइलवर शर्यत लावून त्याच्यापुढे धरायचो. बोलायचं ते लिहावं म्हणून दवाखान्यातून पाटी दिली होती, ती त्याने उशीखाली ढकलली. भांडण कधी कोणी लिहून केलंय का? त्याचा गडी मात्र पेटला होता. लागोपाठ शर्यती जिंकत तो माझ्या गड्याच्या बरोबरीला आला, आणि सगळं शेवटच्या शर्यतीवर आलं.

तोवर भाई घरी आला होता, तोंडाने खायला-प्यायला लागला होता. शेवटच्या रविवारी तो दुकानात आला. गळ्यातल्या भोकावर पांढरा रुमाल बांधलेला. त्याने आल्या आल्या स्वतः कंप्रेसर बंद केला. आम्ही तिघे बसलो. शर्यतभर तो पूर्वीसारखाच उभा राहून हातवारे करत होता, फक्त आवाज बंद केलेल्या टीव्हीतल्या माणसासारखा. शेवटच्या फेऱ्यांत त्याचा गडी फट पाहून घुसला, या वेळी आरपार गेला, आणि अजिंक्य झाला.

चहा आला. भाईची पाळी होती. मी तोंड मिटून बसलो.

भाईने सवयीने ग्लास ओठांजवळ नेऊन फुंकर मारली. चहावर काहीच हललं नाही. गळ्याचा रुमाल तेवढा हलला. त्याने क्षणभर ग्लासाकडे पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि बोलायला लागला.

ओठ हलत होते. हाताने वळणं दाखवत होता, ब्रेक दाखवत होता, माझ्या गड्याची सासरी निघालेली चाल दाखवत होता. इतकी वर्षं त्याच्याशी भांडलो होतो, मला शब्द न् शब्द कळत होता. मध्ये मध्ये निवलेल्या चहाचा घोट घ्यायचा आणि पुन्हा सुरू. कोंबडीवाला रडत होता, मी नव्हतो रडत. मला पुरेपूर राग आला होता आणि उत्तर तयार होतं.

शेवटचा घोट राहिला तेव्हा भाई थांबला. खुर्ची माझ्याकडे सरकवली. हात खाली ठेवले, आणि माझ्या डोळ्यांत बघत सावकाश काहीतरी म्हणाला. एकच वाक्य होतं. त्यात वळण नव्हतं, टायर नव्हता, गडी नव्हता. मला ते कळलं नाही. तोंड उघडून विचारणार, तर त्याने बोट वर केलं. चहा संपला नव्हता. मी गप्प बसलो. त्याने शेवटचा घोट घेतला आणि ग्लास पालथा घातला.

मी लगेच विचारलं, “काय म्हनी ऱ्हायना व्हता, भाई?”

त्याने पालथ्या ग्लासावर बोटाने टकटक केलं आणि हसला. त्याची पाळी सरली होती, आता तो पुन्हा सांगणार नव्हता. मग उठून त्याने कंप्रेसर चालू केला.

म्हटलं, ठीक आहे, पुढच्या हंगामात विचारू. पण गाठ पुन्हा आली, या वेळी खोलवर, आणि होळीच्या आधीच भाई गेला. मी आणि कोंबडीवाला, दोघांनीही मूठ मूठ माती दिली. नवा हंगाम नंतर थोड्याच दिवसांत सुरू झाला. पहिली शर्यत मी घरीच पाहिली. माझा गडी जिंकला. बायकोने चहा आणून ठेवला. पाळी माझी होती, आणि समोर गप्प बसायला कोणी नव्हतं.