आमच्या ग्राउंडवर साग काऊन उगवला नाई

सोमीबाई आज सकाळी वारली. कोणालाही माफ न करता.

मीही करणार नाही.

आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी बसून ती चारोळी विकायची. मोहल्ल्यामागे फॉरेस्टवाल्यांचं सागाचं रोपवन. सगळं कसं रांगेत. मधोमध एकच मोकळा तुकडा, ते आमचं क्रिकेट ग्राउंड.

तिथं साग का नाही? गुरुजी सांगायचे, खाली खडक आहे.

आमचे स्टंप मात्र दोन ठोक्यांत आत जायचे. कधी कवेलूचे, म्हणजे घरावरच्या कौलांचे, तुकडे निघायचे. आम्ही ते फेकून द्यायचो आणि पुढची ओव्हर टाकायचो.

मागच्या उन्हाळ्यात चारोळी घेताना तिला सहज विचारलं.

"खडक? आमच्या चुलीखाली कुठचा खडक? गाव होतं ना आमचं तिथी."

मी तिच्यापाशी उकिडवा बसलो.

"उठा म्हणाले, उठलो. मंग आमालेच मजुरीवर बोलावलं. तुमच्याच घराच्या जागी सागाच्या जड्या लावा म्हणे."

जडी म्हणजे सागाच्या रोपाचा, वर थोडा शेंडा ठेवून छाटलेला, मुळाचा बोटाएवढा तुकडा. तोच खड्ड्यात उभा लावतात.

"मंग लावल्या?"

"लावल्या ना. आमच्या घराच्या जागेवर साऱ्या बायांनी उलट्या लावल्या. शेंडा खाली, मूळ वर."

"भेव नाई वाटलं?"

"साहेब सावलीत खुर्ची टाकून बसे. खड्ड्यात कोन पायते?"

ती हसली नाही. चारोळीची पुडी बांधून हातात दिली.

ज्या पिचवर सिक्स मारून मी नाचलो, ते कोणाचं तरी अंगण होतं. रोपवनाच्या बोर्डावर झाडांची जात आहे, गावाचं नाव नाही. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे ते आहेच.

आज दुपारी तिला तिच्या जुन्या घराच्या जागी माती द्यायला नेलं. फॉरेस्टचा गार्ड आडवा आला.

"रोपवन आहे. परवानगी नाई."

आपल्याच अंगणात बाईला साडेतीन हात जागा मिळाली नाही. नाल्यापलीकडे पुरलं.

परतताना तोच गार्ड म्हणतो, "या पावसाळ्यात ती मोकळी जागा भरायची आहे. जड्या लावाले मजूर पायजे."

मी तिथंच नाव दिलं. माझं गॅरेज दोन दिवस बंद राहील.

आपल्या जुन्या टीममधल्या सगळ्यांनी नावं द्या रे. आणि कोणी साहेब हे वाचत असेल तर खुशाल वाचावं. प्रत्येक खड्ड्यापाशी येऊन बसणार आहे का तो?

सोमीबाई, तुला शेवटचा जय सेवा.

शेंडा खाली, मूळ वर. लक्षात आहे.