सुमनकाकीचे काळे ठिपके

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. चार वर्षं कोंबडीच्या अंड्यांवर पीएचडी करणाऱ्या बाईने मानायचं तरी कसं? पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी माझा विषय. अंड्यात पिल्लू वाढत असताना त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती हळूहळू पक्क्या होतात, म्हणजे रक्तातलं नको ते मेंदूत झिरपत नाही. डोळ्यातही तसंच. हे तपासायला आम्ही पिल्लाच्या रक्तात निळा रंग सोडतो. भिंत पक्की असेल तर अंग निळं, मेंदू पांढरा. कच्ची असेल तर मेंदूही निळा.

पंधराव्या दिवशी मेंदू पांढरा निघायला हवा. माझ्याकडे दर खेपेला दोन-तीन निळे निघायचे. का, ते कळेना. माझे गाइड सर वैतागलेले, थिसीस अडकलेला...

अंडी मी कडाव गावाहून, माझ्या सुमनकाकीकडून न्यायची. गावठी कोंबड्या, घरचा कोंबडा — दुकानातल्या अंड्यात पिल्लू कुठून येणार? एकदा मी ट्रे घेऊन निघाले, तर काकीने तीन अंड्यांवर कोळशाने ठिपके काढले.

"ही नको नेऊस गं. ह्यांची डोकी कच्ची हायत."

"काकी, आज सकाळची अंडी आहेत! डोकं कुठलं त्यात?"

"व्हईल की. पन कच्चंच ऱ्हाईल."

हसले आणि घेऊन गेले. पंधराव्या दिवशी नेमकी तीच तीन निळी!

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण झोप येईना. पुढच्या वेळी चोवीस अंड्यांवर नंबर घातले. काकीने निवडलेले नंबर मला न सांगता माझी लॅबमधली मैत्रीण पल्लवी हिला फोनवर सांगितले. काकीने पाच सांगितले होते. निळीही पाचच निघाली — आणि तीच. पल्लवीने यादी पुन्हा एकदा ताडून पाहिली. मग हळूच म्हणाली, "तुझी काकी स्थळं बघते का गं?"

शेवटी सरांना सांगितलं. ते रागावले, आणि रविवारी सकाळी स्वतः कडावला हजर. काकीच्या टोपलीत त्यांनी गुपचूप दोन दुकानातली अंडी मिसळली होती, वर माती चोळून. काकीने एकेक अंडं गालाला लावलं आणि ती दोन बाजूला सारली.

"ही आमलेटाची."

सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. "वजनावरून कळतं का? वासावरून? नक्की काय जाणवतं तुम्हाला?"

"आवो सर, तुमी येवढे शिकलेले. मीच तुमाला इचारनार व्हते!"

थिसीस अखेर सादर झाला. निळी अंडी त्यात जशीच्या तशी आहेत, पुढे 'कारण अज्ञात' असं प्रामाणिकपणे लिहून. ती निळी का होतात हे मला आजही माहीत नाही, आणि काकीला ते आधी कसं कळतं हे तर अजिबातच नाही.

त्या रविवारी निघताना मात्र एक झालं. सर गाडीपर्यंत गेले, परत आले आणि टक्कल पुढे करून म्हणाले, "काकी, जरा... माझंही बघता का?"

काकीने डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले. इथे चाचपलं, तिथे चाचपलं.

मग म्हणाली, "बसा सर. चा घ्या."